पाय वाकले की कॅल्शियम ओतू नका, वराहपालनातल्या या चुका टाळा

वराहपालनात नवीन पडलेल्या पोरांचा फोन आला की बहुतेक वेळा विषय एकच. "भाऊ, पिल्लेस्ना पाय वाकडा हुई ग्यात, कोणतं कॅल्शियम देऊ?" अरे, आधी बघ तरी की कोणाच्या पिल्लांचे वाकले! खाद्य तेच, शेड तेच आणि लंगडतात फक्त एकाच नराची पिल्लं, तर संशय नरावर घ्यायचा. सगळीच लंगडत असतील तर खाद्य तपासायचं. मी पिल्लू जन्मलं की कानाला खाच पाडतो आणि वहीत आई-बाप लिहितो, त्याशिवाय हे कळणारच नाही. पण एवढा धीर कोणाला नाही, बाटली सोपी वाटते.

अमळनेरकडच्या एका फार्मवरचं सांगतो. यॉर्कशायर या विलायती जातीचा नर, अंगाने जबरदस्त, वाढ फास्ट, म्हणून मालकाने तोच नर त्याच्याच पोरींवर सोडला. पुढच्या वेतांत लंगडी पिल्लं निघायला लागली, मागचे पाय आखडलेले, उठताना त्रास. कोणीतरी सांगितलं चुनखडी वाढव, याने मक्याच्या भरड्यात पावडर अंदाजाने ओतली, वरून गाईचं लिक्विड कॅल्शियम. थोड्या दिवसांत पायांवर, पोटावर, मांड्यांवर कातडी जाड होऊन खपल्या धरल्या, मग खरूज समजून आयव्हरमेक्टिन, म्हणजे खरजेचं औषध, टोचलं. जनावर फारसं खाजवत नव्हतं, हे कोणी बघितलंच नाही. ती पॅराकेराटोसिस होती, म्हणजे झिंकच्या कमतरतेने होणारा कातडीचा आजार. मका आणि सोयापेंडीत फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते झिंक अडवून धरतं, आणि कॅल्शियम जास्त झालं की झिंक अजूनच सुटत नाही, हे केव्हाचं माहीत आहे. जास्तीची चुनखडी बंद केली, झिंक सल्फेट चालू केलं, काही आठवड्यांत कातडी साफ झाली. पाय मात्र तसेच. कटिंगला गेलेल्या जनावरांचे सांधे उघडून बघितले तर आतली कूर्चा चिरलेली, म्हणजे ऑस्टिओकॉन्ड्रोसिस हा सांध्याचा आजार. भराभर वाढणाऱ्या जनावरात हा जास्त होतो, त्यात आनुवंशिक भागही असतो, आणि कॅल्शियम कितीही पाजा, जात नाही. शेवटी तो नर काढावा लागला, जे सुरुवातीलाच करायचं होतं.

खरा मुडदूससुद्धा कधीकधी वंशातून येतो. जर्मनीतल्या हॅनोव्हर डुकरांत असा दोष सापडलाय: किडनीत व्हिटॅमिन डी कामाचं करणारं एन्झाइमच बनत नाही. पिल्लं जन्मतात चांगली, साधारण चार ते सहा आठवड्यांनी रक्तातलं कॅल्शियम पडतं, आणि व्हिटॅमिन डीच्या नेहमीच्या डोसचा उपयोग होत नाही, तयार कॅल्सिट्रिऑलच, म्हणजे कामाचं झालेलं व्हिटॅमिन डी, लागतं. दोष रिसेसिव्ह, म्हणजे आई-बाप दोघं धडधाकट दिसतात आणि सरासरी चारातलं एक पिल्लू आजारी निघतं. म्हणून म्हणतो, घरच्या घरी नाती जुळवू नका, नर बाहेरून आणा, पैसे लागले तरी.

आता फॉस्फरस. आपल्याकडे मका भरपूर, पण मक्यातला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला, डुकराला तो सोडवता येत नाही. कॅनडात गुएल्फ विद्यापीठाने डुकराच्या लाळेतच फायटेज, म्हणजे फायटेट फोडणारं एन्झाइम, यावं म्हणून जीन घातलेली यॉर्कशायर डुकरं तयार केली, १९९९ मध्ये पहिली जन्मली, पण बाजारात कधी आली नाहीत. आपल्याला फायटेज खाद्यात टाकावं लागतं, आणि ते टाकून भरडा उकळू नका, उष्णतेने ते मरतं. कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण सव्वास एकच्या वर नेऊ नका, नाहीतर फायटेजही ढिलं पडतं.

चुनखडी म्हणजे डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) नाही, चुनखडीत फॉस्फरस नसतोच म्हणा. हॉटेलचं उष्टं आणि केळीचा वेस्टेज यावर हाडं बनत नाहीत. सरकी पेंड खान्देशात स्वस्त मिळते म्हणून डुकराला ढकलू नका, सरकीतल्या गॉसिपॉल या विषाने जनावर मरतं.

आणि पैदाशीच्या पाटी, म्हणजे तरुण माद्या, मांसाच्या डुकरांसोबत एकाच खाद्यावर वाढवतात, तेही चूक. वजन वाढायला जेवढं कॅल्शियम-फॉस्फरस पुरतं त्यापेक्षा हाड भरायला जास्त लागतं. अशी पाट व्याली, दहा पिल्लं पाजायला लागली की स्वतःच्या हाडातून काढून देते आणि मागच्या पायांनी खाली बसते. मी पैदाशीच्या पाटी वेगळ्या काढतो आणि त्यांचा भरडा स्वतः तोलून मिसळतो, मापट्याने नाही, काट्यावर.