मार्चच्या आधी दुकानाची फाइल

जीएसटीची तारीख सहसा कोणी चुकवत नाही, सीएचा फोन येतोच. राहून जातात ती राज्य सरकारची आणि पालिकेची छोटी कामं. म्हणून फेब्रुवारीत एक दुपार काढा आणि गुमास्त्यापासून, म्हणजे दुकान नोंदणीच्या दाखल्यापासून, सुरुवात करा. त्यावरचा पत्ता, धंद्याचं स्वरूप, कामगारांची संख्या आजची आहे का? शेजारचा गाळा जोडून घेतला असेल किंवा भागीदार बदलला असेल, तर ते ऑनलाइन कळवून नवी पावती फाइलला लावा.

पुढे व्यवसाय कर. इथे घाई नको, कारण नंबर दोन असतात. ९९ ने सुरू होणारा पीटीईसी मालकाचा स्वतःचा, वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनच्या आत. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराचा वेगळा. २७ ने सुरू होणारा पीटीआरसी कामगारांच्या पगारातून कापलेल्या कराचा. आमच्याकडे येणाऱ्या एका बेकरीवाल्या काकांनी तीन वर्षं स्वतःचे अडीच हजार नेमाने भरले, पण पीटीआरसीच्या नंबरावर. चलनं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली, आणि पीटीईसीला व्याजासकट थकबाकी उभी. फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पैसे भरण्याआधी चलनावरचा नंबर आणि कालावधी मोठ्याने वाचा.

पगारपत्रकही उघडा. दहा हजारांवर पगार असलेल्याचे महिन्याला २०० कापले जातात, फेब्रुवारीत मात्र ३००. नेमके हे वरचे शंभर राहतात. बायकांना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही, चुकून कापत असाल तर थांबवा. छोट्या दुकानाचं पीटीआरसीचं रिटर्न वर्षातून एकदा, ३१ मार्चपर्यंत. कर शून्य असला तरी ते भरायचंच, नाहीतर विलंब शुल्क लागतं.

पाच किंवा जास्त कामगार असतील तर कामगार कल्याण निधी आहे. सहा महिन्यांचे माणशी २५ कामगाराचे, ७५ मालकाचे. जूनचे १५ जुलैपर्यंत, डिसेंबरचे १५ जानेवारीपर्यंत. रक्कम किरकोळ आहे, म्हणूनच विसरली जाते.

आता बाहेर येऊन पाटी बघा. मराठी अक्षरं आधी हवीत आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेचा, परवाना चालू आहे का ते तपासा. मालमत्ता कराची पावती फाइलला लावा, आणि गाळा भाड्याचा असेल तर करारनामा कधी संपतो ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.