पोक्सो कोर्टात मुलांसोबत उभी राहणारी संस्था चालवताय? या चुका टाळा

पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा. पहिली चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

संस्थेच्या सुरुवातीच्या दिवसांत एका नऊ वर्षांच्या मुलीची साक्ष होती. आदल्या संध्याकाळी मी आणि आमची कार्यकर्ती जबाबाची प्रत घेऊन तिच्या घरी गेलो. "आधी काय झालं, मग काय झालं" हे तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी न्यायाधीशांमार्फत एवढंच विचारलं, "काल घरी कोण आलं होतं?" मुलगी प्रामाणिक. म्हणाली, "ताई आल्या होत्या. त्यांनी वाचून दाखवलं आणि पाठ करायला सांगितलं." सरकारी वकिलांनी नंतर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मुलाची तयारी करायची ती कोर्टाची, घटनेची नाही. कोर्टाची खोली रिकामी असताना दाखवून आणा. न्यायाधीश कुठे बसतात, टाइप करणारे कोण, आपण कुठे बसायचं. पोक्सोच्या कलम ३६ नुसार आरोपी समोर दिसू नये म्हणून पडदा किंवा व्हिडिओची सोय करावी लागते. ती प्रत्यक्षात आहे का, हे तारखेच्या आधी बघा. पडदा कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर, हेही पाहिलंय. मुलाला तीन वाक्यं सांगून ठेवा: "प्रश्न कळला नाही", "आठवत नाही", "मला थोडं थांबायचंय". मधे विश्रांती देणं कायद्यातच आहे, मागायला संकोच नको. घटनेबद्दल जे बोलायचं ते सरकारी वकील बोलतील. आणि प्रत्येक गृहभेटीची नोंद ठेवा: कोण हजर होतं, काय बोलणं झालं. उद्या ती वही कोर्टाने मागवली तर हात थरथरू नये.

दुसरी चूक कागदाची. ओळखीवर कोर्टात शिरायचं आणि सुनावणी बंद दाराआड सुरू झाली की बाहेर उभं राहायचं. पोक्सो नियम २०२० प्रमाणे सहायक व्यक्ती, म्हणजे खटला चालू असताना मुलाच्या सोबतीला असणारा माणूस, बालकल्याण समिती नेमते. गुन्ह्याची माहिती पोलिसांनी समितीला २४ तासांत द्यायची असते, आणि नेमणूक झाल्यावर तितक्याच वेळात विशेष न्यायालयाला लेखी कळवायचं असतं. कळवलं असेल असं गृहीत धरू नका. पत्राची प्रत स्वतः नेऊन फाइलला लावा. काही ठिकाणी "पालक नको म्हणाले" एवढ्यावर विषय संपवतात. सहायक व्यक्तीची गरज पालकांच्या मर्जीवर सोडायची नाही, असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलंय. तो आदेश सोबत ठेवा.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडते: साक्षीच्या समन्सची वाट बघत बसणं. तोवर जामीन होऊन जातो. आरोपी बहुतेक वेळा शेजारचा नाहीतर नात्यातला. मुलगी पाणी भरायला नळावर जाते तर समोर तोच उभा. मग शाळा सुटते, आई जबाब फिरवते आणि आपण म्हणतो, "साक्षीदार फितूर झाला." जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडित बालकाच्या कुटुंबाला मिळाली पाहिजे, असे निर्देश मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिलेत. तरी नोटीस येईल म्हणून थांबू नका. सगळ्या केसेसचे सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा ओळख क्रमांक) एका कागदावर लिहा आणि एका माणसाने दर सोमवारी ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर तपासायचे, हे काम नेमून द्या. "सगळ्यांनी बघायचं" म्हणजे कोणीच बघत नाही.

आणि आई फिरलीच तर तिच्यावर ओरडू नका. घरभाडं कोण भरतं, हे आधी विचारा.

पैशांचं थोडक्यात. नुकसानभरपाईसाठी निकालाची वाट बघायची नसते. पोक्सो नियमांतल्या नियम ९ खाली अंतरिम भरपाई मागता येते. शिवाय मनोधैर्य या पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या राज्य सरकारच्या योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करा. पैसे अडतात ते बँक खात्यावर. आधारवर एक नाव, पासबुकवर दुसरं. ते पहिल्याच महिन्यात सरळ करून घ्या.

देणगीदारांसाठी "नाव बदललेली" गोष्ट छापताना फार सांभाळा. ओळख उघड करण्यावर कलम २३ ची बंदी फक्त नावापुरती नाही. तालुका, वडिलांचा धंदा आणि शाळेच्या गणवेशाचा रंग, एवढ्यावर अख्खं गाव ओळखतं. पाठमोरे फोटोही नकोत. आमच्याकडे एफआयआरचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडला होता आणि वर्षापूर्वी काम सोडून गेलेला मुलगा त्या ग्रुपमध्ये तसाच होता. तेव्हापासून कागद ग्रुपवर जात नाहीत.

विश्वस्त विचारतात, "यंदा किती जणांना शिक्षा?" हा आकडा वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर टाकू नका. तो एकदा तिथे बसला की कार्यकर्ते 'पक्क्या' केसेसच घ्यायला लागतात. किती तारखांना मुलासोबत कोणीतरी होतं आणि किती मुलं शाळेत परतली, हे मोजा.

शेवटची चूक माणसं नेमण्यातली. खटला वर्षात संपवायचा असं कलम ३५ सांगतं, तारखा वेगळंच सांगतात, आणि तोवर कार्यकर्ती लग्न होऊन नाशिकला गेलेली असते. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक मुलाला आपली दोन माणसं माहीत असू देत. मुलाला आणि पालकांना सहायक व्यक्ती बदलूनही मागता येते, आणि मुलाने त्याचं कारण देण्याची गरज नाही. एका मुलाने आमची सर्वांत जुनी कार्यकर्ती नको म्हटलं. ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. आम्ही समितीकडे अर्ज दिला आणि नुकताच एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदवी) झालेला एक पोरगा पाठवला. पुकारा होईपर्यंत दोघं बाकावर बसून वहीत फुल्लीगोळा खेळायचे.