हे कोण म्हणतं?

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांतल्या संतांची चरित्रं अभ्यासायला घेतली, तेव्हा माझी पहिली चूक अगदी बाळबोध होती. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या अँटनीच्या ग्रीक चरित्रावर टिपण लिहिताना मी पहिल्याच ओळीत ठोकून दिलं: लेखक, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस. बाईंनी समासात तीन शब्द लिहिले: ‘हे कोण म्हणतं?’

खरं तर मराठी वाचकाला ही सवय असते. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळलेत हे आपण ऐकलेलं असतं, म्हणून ‘नामा म्हणे’ दिसलं की आपण जरा थबकतो. ग्रीक मथळ्यापुढे मात्र माझी अक्कल गुंग झाली.

तर कोण म्हणतं? अँटनी वारला ३५६ मध्ये. ३८० च्या सुमारास नाझियान्झसचा ग्रेगरी हा बिशप सांगतो की अथनेशियसने त्याचं चरित्र लिहिलं, म्हणजे गोष्टीच्या रूपात मठवासीयांची नियमावलीच. ३९२-९३ मध्ये लॅटिन पंडित जेरोमही तेच नोंदवतो. साक्षीदार चांगले आहेत. तरी १९८० मध्ये रने द्रागे यांनी सिरियाक, म्हणजे पश्चिम आशियातल्या ख्रिस्त्यांच्या जुन्या भाषेतला, पाठ पुढे करून आजच्या ग्रीक पाठाच्या मूळपणावर शंका घेतली आणि १९८६ मध्ये टिमथी बार्न्स यांनी अथनेशियसचं नावच खोडलं. मी लगेच बार्न्सच्या पक्षात. नवख्याचं असंच होतं, मोडतोड करणारा युक्तिवाद त्याला जास्त हुशार वाटतो. मग डेव्हिड ब्राकी यांचा १९९४ चा लेख हाती आला. दोन्ही पाठ शेजारी ठेवून त्यांनी दाखवलं होतं की सिरियाकच ग्रीकवरून झालाय. अथनेशियस परत जागेवर आला आणि माझं टिपण कचऱ्यात गेलं.

लेखक पक्का म्हणजे चरित्र खरं, ही दुसरी चूक. या चरित्रातला अँटनी लहानपणी अक्षरं शिकायलाच तयार नसतो. पण अँटनीच्या नावावर सात पत्रं आहेत, जेरोमलाही ती ठाऊक होती. सॅम्युअल रूबेन्सन यांनी १९९० मध्ये ती अस्सल ठरवली, आणि त्यांतला अँटनी ओरिगेन या तिसऱ्या शतकातल्या विद्वान ख्रिस्ती तत्त्वचिंतकाच्या विचारात मुरलेला दिसतो. ख्रिस्ताला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या एरियन पंथाशी आयुष्यभर भांडलेल्या बिशपला निरक्षर पण कट्टर एरियनविरोधी साधू सोयीचा होता, असं मला वाटतं. चरित्र अथनेशियसचंच, त्यातला अँटनी किती अँटनीचा, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

रोजच्या कामातलं एक सांगते. ब्रुसेल्सच्या बोलांदिस्ट, म्हणजे संतचरित्रांचा अभ्यास करणाऱ्या जेझुइट, पंडितांनी ग्रीक संतचरित्रांची सूची केली आहे, तिला बीएचजी म्हणतात. एकाच संताची चार-पाच चरित्रं असू शकतात, तेव्हा टाचण काढताना सूचीतला क्रमांक आधी लिहा. अँटनीचं हे चरित्र बीएचजी १४०. मी लिहिला नाही आणि एक अख्खी वही वाया घालवली. ग्रीक-लॅटिन तर यायलाच हवं, पण तिसरी भाषाही लवकर धरा. वरचा सगळा वाद सिरियाकवर उभा होता.

बनावट नाव पकडायची सगळ्यात पक्की खूण म्हणजे उसनवारी. बार्लाम या साधूमुळे ख्रिस्ती होऊन राज्य सोडणारा भारतीय राजपुत्र जोसाफात, ही कथा शतकानुशतकं दमास्कसच्या जॉन या धर्मपंडिताच्या नावावर चालली. जॉन आठव्या शतकातला. रॉबर्ट फोल्क यांनी दाखवलं की तिच्यात दहाव्या शतकातल्या सिमियन मेटाफ्रास्तीस या संतचरित्रकाराच्या मजकुराचे तुकडे आहेत. मेलेला माणूस दोनशे वर्षांनंतरचं कसं उतरवून घेईल? ग्रीक पाठ आता ग्रीसमधल्या एथॉस पर्वतावरच्या मठातल्या जॉर्जियन युथिमियसचा मानतात.

आणि जोसाफात? तो म्हणजे बोधिसत्त्व. अरबीत आद्याक्षराखाली एक टिंब जास्त पडलं की ‘ब’चा ‘य’ होतो. बुद्धाची गोष्ट अशी अरबी, जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन करत गेली आणि बुद्ध ख्रिस्ती संत झाला, रोमन पंचांगात २७ नोव्हेंबर हा दिवसही मिळाला त्याला.

यातला माझा आवडता साक्षीदार साष्टीतला आहे. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कौतो कान्हेरीची लेणी पाहायला गेला, तेव्हा एका म्हाताऱ्याने त्याला सांगितलं की जोसाफातच्या बापाने मुलाला जगापासून दूर वाढवायला ही कोरून घेतली. कौतोने १६१२ मध्ये ते छापलं, आणि वर जोसाफात हाच बुद्ध असावा असंही लिहिलं. युरोपातल्या विद्वानांनी ती ओळख पटवायला १८५९ उजाडलं.

मी बोरिवलीची. शाळेच्या सहलीत कान्हेरीला तीनदा गेले, दर वेळी डबा खाऊन परत. आता कौतोवरचं टिपण अर्धवट पडलंय. म्हाताऱ्याने हे घरात ऐकलं होतं की चर्चमध्ये, तिथेच अडलंय. समासात या वेळी मीच लिहून ठेवलंय, ‘त्याला कुणी सांगितलं?’