मुलांच्या अंगावर हालचालमापक यंत्र किती वेळ असावे, हे कसे ठरवावे

पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने दररोज किमान ६० मिनिटे मध्यम ते तीव्र हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. एखादे मूल खरोखर तेवढे खेळते का, हे त्याला किंवा त्याच्या पालकांना विचारून नीट कळत नाही. म्हणून संशोधक मुलांच्या कमरेला किंवा मनगटाला ॲक्सेलरोमीटर नावाचे काडेपेटीपेक्षाही लहान यंत्र बांधतात आणि काही दिवसांनी त्यातील नोंदी उतरवून घेतात. यंत्र काम चोख करते, पण त्याची एक मोठी उणीव आहे. ते मुलाच्या अंगावर आहे की फळीवर पडून आहे, हे त्याला स्वतःहून कळत नाही. मूल पुस्तक घेऊन अगदी स्तब्ध बसले तरी नोंद शून्य, आणि यंत्र काढून ठेवले तरीही शून्य. त्यामुळे ‘मूल किती हलले’ याच्या आधी ‘यंत्र किती वेळ अंगावर होते’ हा प्रश्न सोडवावा लागतो. शाळेत छोटी पाहणी करणाऱ्या शिक्षकांना, प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि अशा अभ्यासांचे निष्कर्ष वाचणाऱ्यांना उपयोगी पडेल अशा क्रमाने ही पद्धत पुढे मांडली आहे.

पायरी १ : आधी प्रश्न ठरवा, मग तास

एका वर्गाची सरासरी काढायची आहे, की प्रत्येक मुलाबद्दल स्वतंत्रपणे काही म्हणायचे आहे, हे कागदावर लिहून घ्यावे. गटाच्या सरासरीत एका मुलाचा आळसाचा दिवस आणि दुसऱ्याचा धावपळीचा दिवस एकमेकांना बऱ्याच अंशी सावरून घेतात, म्हणून तेथे थोडे दिवस पुरतात. एखाद्या मुलाची नेहमीची सवय जाणून घ्यायची असेल, किंवा हालचालीचा संबंध त्याच्या वजनाशी अथवा तंदुरुस्तीशी जोडायचा असेल, तर मात्र अधिक दिवस लागतात. झोपही मोजायची असेल तर यंत्र चोवीस तास अंगावर हवे, हे वेगळे सांगायला नको.

पायरी २ : कंबर की मनगट, दिवसभर की चोवीस तास

पूर्वीच्या बहुतेक अभ्यासांत यंत्र कमरेच्या पट्ट्याला लावत आणि मुलांना सांगत की सकाळी उठल्यावर बांधा, झोपताना आणि अंघोळीच्या वेळी काढा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणात २००३ ते २००६ या काळात हीच रीत होती. २०११ ते २०१४ च्या फेऱ्यांत त्याच सर्वेक्षणाने यंत्र मनगटावर आणले आणि ते दिवसरात्र घालायला सांगितले, तेव्हा घालण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. बारा देशांतील ९ ते ११ वर्षे वयाच्या मुलांवर झालेल्या ‘आयस्कोल’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने यंत्र कमरेलाच ठेवले, पण चोवीस तास. तेथील अनुभव बोलका आहे. रात्रीचे तास हाती आलेच, शिवाय जागेपणी यंत्र अंगावर असण्याचा वेळही जुन्या पद्धतीच्या तुलनेत वाढला. कारण साधे आहे. रात्री काढलेले यंत्र सकाळच्या गडबडीत पुन्हा बांधायचे राहून जाते, आणि जे काढलेच नाही ते विसरण्याचा प्रश्नच येत नाही.

म्हणून शक्य असेल तेथे चोवीस तासांची पद्धत निवडावी, असे माझे मत आहे. मात्र एक पथ्य पाळावे लागते. कमरेवरच्या यंत्रासाठी ठरवलेल्या तीव्रतेच्या मर्यादा, म्हणजे नोंद कितीच्या वर गेली की हालचाल मध्यम किंवा तीव्र मानायची ते आकडे, मनगटावरच्या नोंदींना लावता येत नाहीत, कारण बसल्या बसल्या हात हलवणाऱ्या मुलाचे मनगट त्याच्या कमरेपेक्षा कितीतरी अधिक हलत असते.

पायरी ३ : दिवसांची संख्या हिशेबाने काढा

‘सात दिवस’ हा आकडा इतका रूढ आहे की तो का, हे कोणी विचारत नाही. त्यामागे एक हिशेब आहे. एकाच मुलाचे वेगवेगळे दिवस परस्परांशी किती जुळतात, हे ० ते १ या दरम्यानच्या एका गुणांकाने सांगता येते. अपेक्षित विश्वसनीयता, म्हणजे मोजलेल्या दिवसांच्या सरासरीवर किती भरवसा ठेवता येतो याचे ० ते १ मधले माप, ०.८० धरली, तर ०.८० ला ०.२० ने भागून ४ मिळतात. एकातून गुणांक वजा करून उरलेल्या संख्येला गुणांकानेच भागावे आणि आलेल्या उत्तराला त्या ४ ने गुणावे. गुणांक ०.५० असेल तर ४ दिवस लागतात, आणि तो ०.४० पर्यंत घसरला तर ६ दिवस. म्हणजे मुलांचे दिवस जितके अनियमित, तितके यंत्र अधिक दिवस बांधावे लागते. स्ट्युअर्ट ट्रोस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसले. ०.८० इतक्या विश्वसनीयतेसाठी लहान मुलांना ४ ते ५ दिवस पुरेसे होते, तर किशोरवयीनांना ८ ते ९ दिवस लागले.

शनिवार-रविवारची हालचाल शाळेच्या दिवसांपेक्षा वेगळी असते, त्यामुळे मागणी सलग सात दिवसांची करावी आणि त्यांत आठवड्याची सुट्टी येईल असे पाहावे. यंत्र देण्याचा दिवस अर्धवट असतो, शिवाय नव्या वस्तूच्या कौतुकाने मुले त्या दिवशी जरा जास्तच उड्या मारतात. तो दिवस हिशेबात धरू नये, आणि त्यासाठी नोंद दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून सुरू होईल अशी यंत्राची मांडणी आधीच करून ठेवावी.

पायरी ४ : नोंदीचा कालखंड लहान ठेवा

मुले मोठ्यांसारखी अर्धा तास एका वेगाने चालत नाहीत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात मुलांच्या तीव्र हालचालीच्या झटक्याचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यास मधोमध येणारा आकडा) अवघा ३ सेकंदांचा आढळला होता. म्हणून नोंदी एका मिनिटाच्या नव्हे, तर १५ सेकंदांच्या किंवा त्याहून लहान कालखंडांत पाहाव्यात. ॲक्टिग्राफ या कमरेवरच्या यंत्रासाठी मुलांबाबत बरीच वापरली जाणारी मध्यम हालचालीची मर्यादा १५ सेकंदांत ५७४ काउंट (यंत्राने टिपलेल्या हालचालीचे एकक), म्हणजे मिनिटाला २२९६ काउंट अशी आहे. समजा, एक मूल १५ सेकंद पळाले आणि १५०० काउंट झाले, पुढची ४५ सेकंद ते उभे राहिले आणि ६० काउंट झाले. लहान कालखंडात त्या मुलाच्या खात्यावर पाव मिनिट जमा होते. पूर्ण मिनिटाची बेरीज १५६० येते, ती मर्यादेखाली राहते, आणि पळणे कागदावरून पुसले जाते.

पायरी ५ : यंत्र अंगावर राहील अशी व्यवस्था करा

पुढे गणिताच्या कितीही युक्त्या वापरल्या तरी जे मोजलेच गेले नाही ते परत आणता येत नाही, म्हणून सर्वाधिक श्रम या पायरीवर खर्च करावेत. पालकांची लेखी संमती घ्यावीच, पण मुलालाही त्याच्या भाषेत विचारावे आणि नको वाटल्यास ते केव्हाही काढता येईल हे सांगावे. पट्टा प्रत्यक्ष बांधून दाखवावा आणि मग मुलाला स्वतःच्या हाताने बांधू द्यावा. पट्टा सैल असेल तर यंत्र लोंबकळते आणि घट्ट असेल तर त्वचा लाल होते. दोन्ही परिस्थितींत ते दुसऱ्या दिवशी कपाटात जाते.

वर्गशिक्षकांना आणि खेळाच्या प्रशिक्षकांना अगोदर कळवणे फार महत्त्वाचे आहे. काही मैदानी खेळांत अंगावर कठीण वस्तू चालत नाही आणि पोहताना अनेक यंत्रे काढावी लागतात, म्हणजे मूल सर्वाधिक हलते नेमका तोच तास नोंदीतून निसटतो. यासाठी एक साधा तक्ता घरी द्यावा. त्यात यंत्र केव्हा काढले, केव्हा घातले आणि मधल्या वेळात काय केले, एवढे तीनच रकाने असावेत. तक्ता मोठा केला की कोणी तो भरत नाही. पालकांना रोज सकाळी एक छोटा संदेश पाठवल्यास विसरभोळेपणा कमी होतो. बक्षीस द्यायचे असेल तर ते यंत्र घातल्याबद्दल आणि परत केल्याबद्दल द्यावे, जास्त पावले चालल्याबद्दल कधीही देऊ नये, नाहीतर जे मोजायचे तेच आपल्या हाताने बदलते. याच कारणासाठी पडद्यावर आकडे न दाखवणारे यंत्र बरे.

पायरी ६ : ‘अंगावर नव्हते’ हे ओळखण्याचा नियम ठरवा

नोंदी उतरवल्यावर सलग शून्यांचे पट्टे दिसतात. किती मिनिटे शून्य राहिल्यास यंत्र काढले होते असे मानायचे, हा येथील निर्णय असतो. मुलांच्या अभ्यासांत २० मिनिटांचा नियम अनेकदा आढळतो. मधल्या एक-दोन मिनिटांच्या किरकोळ हालचालीला सूट देणारा ६० मिनिटांचा नियमही रूढ आहे, आणि २०११ साली मांडलेल्या एका पद्धतीत ही मर्यादा ९० मिनिटांची आहे.

यांतला कोणताच नियम निर्दोष नाही. २० मिनिटांच्या नियमात चित्र काढत २५ मिनिटे निश्चल बसलेल्या मुलाचा वेळ बाद होतो आणि त्याचे बसणे प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. ६० मिनिटांच्या नियमात ४५ मिनिटांचे पोहणे बैठ्या वेळेत जमा होते, म्हणजे दिवसातली सर्वांत जोरकस हालचाल आरामात बदलते! नियम कोणताही निवडावा, पण नोंदी पाहण्यापूर्वी निवडावा आणि घरच्या तक्त्याशी काही मुलांच्या नोंदी ताडून पाहाव्यात. काही यंत्रांत तापमानही टिपले जाते. अंगावरून काढल्यावर ते खाली येते, त्यामुळे शंका बऱ्याचदा फिटते.

पायरी ७ : ग्राह्य दिवस आणि ग्राह्य मूल यांची व्याख्या लिहा

शाळकरी मुलांसाठी सर्वाधिक प्रचलित व्याख्या अशी आहे की, जागेपणी किमान १० तास यंत्र अंगावर असेल तो दिवस ग्राह्य, आणि सुट्टीचा किमान एक दिवस धरून असे ४ दिवस असतील ते मूल ग्राह्य. आयस्कोलनेही हीच व्याख्या वापरली. २००० सालाच्या सुमारास जन्मलेल्या मुलांचा मागोवा घेणाऱ्या ब्रिटनच्या सहस्रक समूह अभ्यासात सुमारे सात वर्षांच्या मुलांबाबत मात्र १० तासांचे २ दिवसही पुरेसे विश्वसनीय ठरले. अशी सैल अट उपयोगी पडते, कारण निकष कडक केला की मुले गळतात आणि उरलेला नमुना मूळ समूहासारखा राहत नाही. दुसरा एक मार्ग ७०-८० चा नियम म्हणून ओळखला जातो. त्यात निदान ७० टक्के मुलांच्या नोंदी उपलब्ध असतील तेवढा काळ हा ‘दिवस’ मानतात आणि त्याच्या ८० टक्के काळ यंत्र घातलेल्या मुलाचा तो दिवस स्वीकारतात. बालवाडीच्या वयाची मुले जास्त झोपतात, म्हणून त्यांच्यासाठी तासांची अट खाली आणावी लागते.

चोवीस तासांच्या नोंदी असतील तर येथे एक सापळा आहे. १० तासांची अट झोपेसकट मोजली, तर ९ तास झोपलेले आणि १ तास जागे असलेले मूलही ‘ग्राह्य’ ठरेल. झोप वेगळी काढून उरलेल्या तासांना अट लावावी, किंवा संपूर्ण दिवसासाठी १६ तासांसारखी मोठी अट ठेवावी.

पायरी ८ : जे गळले त्यांच्याकडे पाहा

दहा तासांची अट पूर्ण करणारे मूल चौदा तास जागे असेल, तर चार तास अज्ञातच राहतात. ते चार तास सकाळचे आवरण्याचे होते की संध्याकाळच्या मैदानाचे, यावर सारे अवलंबून आहे. शिवाय यंत्र जितके जास्त वेळ अंगावर, तितका बैठा वेळ अधिक नोंदला जातो, म्हणून ११ तास घालणाऱ्या आणि १४ तास घालणाऱ्या मुलांच्या बैठ्या मिनिटांची सरळ तुलना करू नये. ती मिनिटे घातलेल्या वेळेच्या टक्केवारीत मांडावीत किंवा विश्लेषणात त्या वेळेचा प्रभाव वेगळा काढावा. आठवड्याची सरासरी काढताना शाळेच्या दिवसांच्या सरासरीला ५ ने आणि सुट्टीच्या सरासरीला २ ने गुणून बेरजेला ७ ने भागावे, म्हणजे एखाद्याचा एकच रविवार उपलब्ध असला तरी त्याचे वजन योग्य राहते.

अहवालात यंत्र किती मुलांना दिले, किती मुलांच्या नोंदी स्वीकारल्या, घातलेल्या वेळेचा मध्यक किती आणि वापरलेले नियम कोणते, हे चारही लिहावे. त्यासोबत वगळलेल्या मुलांचे वय, मुलगे-मुलींचे प्रमाण आणि वजन स्वीकारलेल्या मुलांशेजारी एकाच तक्त्यात ठेवावे. त्या दोन रकान्यांत ठळक फरक दिसला, तर तासांची अट एकदा सैल आणि एकदा कडक करून सगळे गणित पुन्हा करावे आणि दोन्ही उत्तरे छापावीत.