दाराचे स्पीकर बदलताय? या चुका टाळा, आणि झाल्याच असतील तर अशा शोधा

नवे स्पीकर बसवले, चांगले पैसे मोजले, आणि पहिलं गाणं लावल्यावर वाटलं की कंपनीचे जुनेच बरे होते. ही तक्रार फार ऐकू येते. अशा वेळी लोक स्पीकरला नावं ठेवतात, दुकानदाराशी भांडतात, ॲम्प्लिफायरच्या चौकशा सुरू करतात. बहुतेक वेळा दोष स्पीकरमध्ये नसतो, तो दारात किंवा जोडणीत असतो. घरच्या स्पीकरला कंपनी लाकडी पेटी देते. गाडीत दाराचा पत्रा, आतली पोकळी आणि वरची ट्रिम (आतून दिसणारं प्लॅस्टिकचं आवरण) हीच पेटी, आणि ती बसवणाऱ्यालाच नीट करून घ्यावी लागते.

बेस कुठे गेला?

आवाज मोठा आहे, पण ढोलकीचा ठेका पोकळ वाटतो आणि गायक नेमका कुठून गातोय ते कळत नाही. असं असेल तर आधी पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची जोडणी तपासा. स्टिरिओचा बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, मग पूर्ण उजवीकडे, मग मध्यावर आणा. एकेका बाजूला बेस चांगला येतो आणि मध्यावर आणताच पातळ होतो, तर एका स्पीकरच्या वायरी उलट लागल्या आहेत. एका दारातला कोन (स्पीकरचा पुढे-मागे हलणारा शंकूसारखा पडदा) बाहेर येतो त्याच क्षणी दुसऱ्या दारातला आत जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात.

स्पीकरची वायर लावायची दोन पाती नीट पाहिली तर बहुतेक वेळा एक रुंद आणि एक अरुंद दिसतं. रुंद पातं प्लसचं. बाजारातल्या स्टिरिओच्या वायरींचे रंगही ठरलेले आहेत: पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा राखाडी, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा, आणि त्याच रंगावर काळी रेघ असेल ती मायनस. गाडीच्या मूळ वायरिंगला मात्र हे रंग लागू नाहीत, प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. तिथे अंदाज करू नका. स्टिरिओचा कपलर (वायरींचा प्लग) काढून ठेवा आणि दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल स्पीकरकडे जाणाऱ्या दोन वायरींना क्षणभर टेकवा. कोन बाहेर सरकला तर सेलचा प्लस ज्या वायरीला लागला तीच प्लस. क्षणभरच टेकवायचा, धरून ठेवायचा नाही. स्टिरिओ जोडलेला असताना हा प्रयोग करू नका.

पोलॅरिटी बरोबर असूनही बेस येत नसेल तर फट शोधा. कोनच्या पुढून जसा आवाज निघतो तसाच मागूनही निघतो, आणि दोन्ही एकत्र आले की खालचे स्वर संपतात. स्पीकर आणि रिंग (स्पीकर ज्यावर बसतो ती कडी), रिंग आणि पत्रा, यांच्यामध्ये बोट जाईल एवढी जागा राहिली तर सगळा पैसा तिथून वाहून जातो. रिंगच्या दोन्ही बाजूंना फोमची पट्टी लावा. स्पीकरच्या पुढच्या कडेवरही जाड फोमची कडी लावा, म्हणजे आवाज जाळीतूनच बाहेर येईल, ट्रिमच्या मागे पसरणार नाही. ही पट्टी अगदी स्वस्त आहे, आणि माझ्या मते महागड्या स्पीकरपेक्षा आधी तीच विकत घ्यावी.

तिसरं कारण खरेदीच्या वेळचं. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले ३०० वॅट हा कमाल आकडा असतो आणि त्याचा आपल्याला काही उपयोग नाही. साधा स्टिरिओ एका स्पीकरला प्रत्यक्षात १५ ते २० वॅटच देतो, मग त्यावर ५० वॅट गुणिले ४ असं लिहिलेलं का असेना. एवढ्या शक्तीत मोठा आवाज हवा असेल तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॅटला स्पीकर किती आवाज काढतो ते पाहा. ८७ डेसिबलच्या स्पीकरला ९० डेसिबलवाल्याइतका आवाज काढायला दुप्पट वॅट लागतात. कंपनीचे हलक्या कागदी कोनचे स्पीकर याच बाबतीत चांगले असतात, म्हणून त्यांच्या जागी जड कोनचा भारी स्पीकर लावला की तो दबलेला वाटतो.

पाणी आत येतंच

या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथली चूक आवाजापुरती राहत नाही. पावसाचं पाणी काचेवरून ओघळतं, खालच्या रबरी पट्टीतून दाराच्या आत उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दार असंच बनवलेलं असतं. ते पाणी गाडीच्या आत येऊ नये म्हणून ट्रिमच्या मागे प्लॅस्टिकची किंवा फोमची शीट असते, आणि ती काळ्या, चिकट, कधीच न वाळणाऱ्या ब्युटिलने चिकटवलेली असते.

घाईतला फिटर ही शीट ओढून फाडतो, किंवा हात घालायला सोयीचं म्हणून ब्लेडने मोठा चौकोन कापतो, आणि शेवटी इलेक्ट्रिकची टेप मारून ट्रिम ठोकून बसवतो. उन्हाळ्यात काहीच कळत नाही. जूनमध्ये दोन दिवस सलग पाऊस लागला की ती टेप सुटते आणि पाणी ट्रिमच्या मागून पायाशी उतरतं. कार्पेट ओलं, गाडीत कुबट वास, पुढे पॉवर विंडोचा स्विच अडायला लागतो. मग एसीचा पाइप तुंबला असेल म्हणून तो तपासला जातो. स्पीकर बदललेत हे तोवर कुणाच्या लक्षातही नसतं.

शीट काढताना हेअर ड्रायरने ब्युटिल थोडं गरम करा आणि कड हळूहळू सोडवा. परत लावताना जुनं ब्युटिल मळलेलं असेल तर नवी ब्युटिल टेप वापरा. शीटची खालची कड जिथे दाराच्या आत वळवलेली होती तिथेच वळवा. ती बाहेर राहिली तर शीटवरून ओघळलेलं पाणी सरळ गाडीत येतं. एखाद्या बाजूला शीट नसेलच, तर जाड पॉलिथिन कापून लावा.

याच कारणासाठी कच्च्या एमडीएफची (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीची) रिंग दारात नको. ओल लागली की ती फुगते, स्क्रू सैल होतात आणि एका पावसाळ्यात स्पीकर हलायला लागतो. प्लॅस्टिकची रिंग घ्या, किंवा मरीन प्लायची करून सगळ्या कडांना रंग द्या. पत्र्यावर डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर कमी करणारी शीट) लावत असाल तर तळाची भोकं उघडी आहेत ना ते बोटाने चाचपून पाहा. पाणी साचलेलं दार आतून गंजतं, आणि बाहेर दिसेपर्यंत पत्रा गेलेला असतो.

काच अडते, जाळी लागते

साडेसहा इंची म्हणून विकले जाणारे सगळे स्पीकर सारखे नसतात. खोली, चुंबकाची रुंदी, स्क्रूची भोकं, सगळ्यात फरक असतो. काच पूर्ण खाली करा आणि रिंग बसते त्या पातळीपासून काचेपर्यंतचं अंतर मोजा. खोक्यावरची माउंटिंग डेप्थ, म्हणजे स्पीकरची आत जाणारी खोली, त्याहून अर्धा सेंटिमीटर तरी कमी हवी. काच वर असताना मोजलं तर त्या मापाला अर्थ नाही. पुढची बाजूही पाहा, कारण कोएक्सियल स्पीकरचा मधला ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर) कधी कधी जाळीला टेकतो.

फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत स्पीकर रिव्हेटने बसवलेला असतो, तो ड्रिलने काढावा लागतो. त्या वेळी नवा स्पीकर जवळ उघडा ठेवू नका. लोखंडाचा कीस चुंबकाकडे ओढला जातो, कॉइलच्या फटीत शिरतो आणि मग कायमची खरखर लागते. उघडा पडलेला पत्रा प्रायमरने झाका. चुंबक पेचकसलाही ओढतो, तेव्हा स्क्रू आवळताना कोनवर हात आडवा धरा.

मोठा आवाज केला की सगळंच बंद

आवाज वाढवला की चारही स्पीकर गप्प आणि कमी केला की परत सुरू, हा स्टिरिओचा आतला बचाव आहे. एखादी वायर दाराच्या पत्र्याला लागली आहे का ते आधी पाहा. आजच्या स्टिरिओत स्पीकरची मायनस वायर अर्थ नसते, दोन्ही वायरींवर साधारण सहा व्होल्ट असतात. म्हणून मायनस बॉडीला जोडण्याची जुनी युक्ती इथे आयसी जाळू शकते.

दुसरा संशय ओहमचा. एकाच वायरीवर ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले की भार २ ओहमचा होतो, आणि साध्या स्टिरिओला तो पेलत नाही. मल्टिमीटरवर ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.६ च्या आसपास दिसतो. तो आकडा बघून घाबरू नका. शून्याजवळ दिसला तर शॉर्ट, काहीच दिसलं नाही तर वायर तुटलेली. तुटण्याची नेहमीची जागा म्हणजे दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी. दार उघडताना-मिटताना वायरी तिथे वाकतात, आणि आवाज दारासोबत येत-जात असेल तर तिथेच बघा. ट्वीटर वेगळा असेल तर तो कपॅसिटर किंवा क्रॉसओव्हरशिवाय (खालचे स्वर त्याच्यापासून अडवणाऱ्या भागाशिवाय) जोडू नका, तो जळतो.

ट्रिमची थरथर शोधायला फोनवरून स्टिरिओवर २० ते २०० हर्ट्झचा टोन लावा आणि एका हाताने पॅनेल, जाळी, बाटलीचा कप्पा असं एकेक दाबत जा. दाबल्यावर आवाज थांबला की जागा सापडली. बहुतेकदा तुटलेली क्लिप असते किंवा पत्र्यावर आपटणारी मोकळी वायर. क्लिपा गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात सुट्या मिळतात, आधीच पाच-सहा आणून ठेवा. स्टिरिओवर हाय पास फिल्टर (ठरावीक मर्यादेखालचे स्वर अडवणारी सेटिंग) असेल तर ८० हर्ट्झवर ठेवा. दारातला स्पीकर जे वाजवू शकत नाही ते त्याच्यावर लादायचं नाही.

कपलर कापू नका, कापू देऊ नका. तुमच्या गाडीच्या मॉडेलचा तयार ॲडॉप्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतो, ऑनलाइनही मिळतो. मूळ वायरिंग कापलेलं दिसलं की सर्व्हिस सेंटर इलेक्ट्रिकची वॉरंटी नाकारायला मोकळं होतं. काही गाड्यांत दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजून बाजूची एअरबॅग उघडणारा सेन्सर असतो. अशा दाराच्या आतल्या पत्र्याला नवी भोकं पाडायची नाहीत, आणि इग्निशन चालू असताना सेन्सरचा कपलर काढायचा नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो स्कॅनरशिवाय जात नाही. बॅटरीचा मायनस काढणार असाल तर आधी स्टिरिओचा कोड लिहून ठेवा. परत जोडल्यावर काचेचं एका स्पर्शात वर जाणं बंद पडलेलं असू शकतं. ते कसं पूर्ववत करायचं हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

ट्रिमचा शेवटचा स्क्रू लावण्याआधी तिन्ही गोष्टी करून बघा: काच दोनदा पूर्ण वर-खाली, चारही स्पीकर फेडर (पुढे-मागे आवाज वाटणारी सेटिंग) आणि बॅलन्सने एकेक वाजवून, आणि काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओतून. शीटची आतली बाजू कोरडी राहिली आणि पाणी दाराच्या तळातून ठिबकलं की मगच ट्रिम बसवा.