घर बदलताना काचेची आणि चिनी मातीची भांडी कशी बांधावीत

खोकं हातातून पडून भांडी फुटली, असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा खोक्यात मोकळी जागा राहिलेली असते. टेम्पो खड्ड्यात आदळतो, गतिरोधकावर उडतो आणि आत बशी बशीवर आपटत राहते. पुण्यात सिंहगड रस्त्यावरून वाकडला जाईपर्यंत हे कितीतरी वेळा घडतं. म्हणून दोनच गोष्टी सांभाळायच्या: एका भांड्याची कड दुसऱ्याला लागू द्यायची नाही आणि आत काहीही हलू द्यायचं नाही.

सामान

चौघांच्या घरात काच आणि चिनी माती मिळून साठ-सत्तर नग असतील, तर ६-७ किलो रद्दी लागते. वर्तमानपत्राचा पूर्ण उघडलेला ताव १५ ते २० ग्रॅमचा, म्हणजे किलोत पन्नासएक ताव येतात. दर नगाला दोन-तीन ताव जातात, उरलेले फटी भरायला. शिवाय दोन इंची खाकी टेपचे दोन रोल, जाड मार्कर आणि थोडा बबल रॅप, तोही मोठ्या आणि महागड्या वस्तूंपुरताच. घरातले टॉवेल, चादरी आणि जुन्या सुती साड्या नाहीतरी न्यायच्याच असतात, त्या इथेच वापरा. बाकीचं पॅकिंगचं सामान रविवार पेठेत बोहरी आळीच्या परिसरात मिळतं.

खोकं दीड फुटापेक्षा मोठं घेऊ नका. मोठं खोकं भरलं की उचलवत नाही, आणि जे उचलवत नाही ते आपटलं जातं. भरल्यावर वजन १२ ते १५ किलोच्या आत राहायला हवं. पेठेतल्या वाड्याचा अरुंद जिना उतरून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत न्यायचं असेल तर १० किलोच पुरे. पाच थरी पुठ्ठा उत्तम. किराणा दुकानातली खोकी बहुधा तीन थरी असतात, त्यांच्या तळाशी पुठ्ठ्याचा आणखी एक तुकडा घाला. कोपरे मऊ पडलेलं किंवा एकदा ओलं झालेलं खोकं फुकट मिळालं तरी नको. ग्लासांसाठी बाटल्यांची खणांची खोकी मिळाली तर फार छान. सफरचंदाच्या पेटीतले खळग्यांचे ट्रेही टाकू नका, थरांच्या मधे घालायला ते उपयोगी पडतात.

गुंडाळणे आणि भरणे

आदल्या दिवशी सगळी भांडी धुऊन पूर्ण कोरडी करा. पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली ठेवा, कारण ओलाव्यानं पुठ्ठा ढिला पडतो आणि पेपरची शाई भांड्याला लागते. सोनेरी काठाच्या किंवा खरखरीत पृष्ठभागाच्या भांड्यांना आधी कोरा पांढरा कागद, मग रद्दी.

१. खोक्याच्या तळाच्या सांध्यावर टेपच्या तीन पट्ट्या मारा आणि त्यांना आडव्या दोन. आत चुरगळलेल्या कागदाचा दोन-तीन इंचांचा थर द्या. हातानं दाबल्यावर तळाचा पुठ्ठा जाणवला तर थर कमी आहे.

२. ताटली तावाच्या एका कोपऱ्यावर ठेवा, कोपरा वर घ्या, बाजू दुमडा आणि गुंडाळत जा. अशा तीन-चार ताटल्या एकत्र करून बाहेरून आणखी एक ताव.

३. हा गठ्ठा खोक्यात आडवा ठेवायचा नाही. स्वयंपाकघरातल्या मांडणीत ताटं उभी लावतो तसा उभा लावायचा.

ही तिसरी पायरीच सर्वांत जास्त चुकते. आडव्या ठेवल्या की वरच्या सगळ्यांचं वजन तळच्या ताटलीवर येतं, आणि धक्का बसला की ती मधोमध वाकायला बघते. काच आणि चिनी माती वाकत नाही, तडकते. उभी ताटली फक्त स्वतःचं वजन पेलते.

जड वस्तू खाली, कप आणि ग्लास वर. कपाचा कान आधी कागदाच्या वळकटीनं वेढा, कपात कागदाचा गोळा घाला आणि मग गुंडाळा. कप किंवा ग्लास एकमेकांत घालू नका. धक्क्यानं ते घट्ट अडकतात आणि काढताना फुटतात. दांडीच्या ग्लासाची दांडी वेगळी गुंडाळून ग्लास उभाच ठेवा.

ओपलवेअरची, म्हणजे दुधी काचेची भांडी दणकट असली तरी कडेला नाजूक असतात. टवका उडालेलं कडक (टफन्ड) काचेचं भांडं नंतर अचानक फुटू शकतं, म्हणून तसलं बरोबर नेऊच नका. मायक्रोवेव्हमधली काचेची फिरती थाळी आठवणीनं बाहेर काढा, ती आतच राहिली तर हमखास फुटते. लोणच्याची बरणी भरलेली नेऊ नका. लोणचं स्टीलच्या डब्यात काढा, बरणीत टॉवेल कोंबा आणि झाकण वेगळं गुंडाळा. खलबत्ता आणि तांब्या-पितळेची भांडी या खोक्यांत अजिबात नकोत.

प्रत्येक थरानंतर फटी भरा. टेप लावण्याआधी पाकळ्या हातानं मिटून खोकं हळूच कलतं करा. आतून आवाज आला तर आणखी कागद घाला. पाकळ्या किंचित दाबून मिटायला हव्यात, मात्र फुगता कामा नयेत. वर आणि दोन बाजूंना ‘काच’, वरच्या दिशेचा बाण आणि खोक्याचा क्रमांक लिहा. प्रत्येक खोक्यात काय आहे त्याचा मोबाइलवर फोटो असू द्या. मूव्हर्सना काम दिलं असेल तर आपण बांधलेल्या खोक्यांची भरपाई ते देतात का, हे आधीच विचारा. बरेच जण देत नाहीत.

टेम्पोत आणि नव्या घरी

छोटा हत्ती असो की मोठा टेम्पो, काचेची खोकी केबिनच्या बाजूला ठेवा. मागच्या चाकांच्या पलीकडचा भाग सर्वांत जास्त उडतो. खोक्यांवर दुसरं काही नको, आणि बाजूंनी गाद्या-उशा दाबून बसवा. जून ते सप्टेंबरमध्ये आभाळ मोकळं दिसलं तरी ताडपत्री टाकाच.

नव्या घरी खोकी जमिनीवर, गादी किंवा चादर पसरून उघडा. कागदाचे गोळे लगेच रद्दीत टाकू नका, एकेक उलगडून बघा. साखरदाणीचं झाकण आणि चटणीचे छोटे चमचे याच कागदांत गुंडाळलेले राहून जातात.