बांधावरच्या बाभळीचा खुंट हाताने काढताना

बाभूळ तोडायला माणूस लावला की पहिलं सांगायचं ते हे : बुडातून कापू नकोस, छातीएवढं खोड उभं ठेव. जमिनीलगत कापलेल्या खुंटाला पुढे जोर लावायला जागाच राहत नाही. साडेचार फुटांचं खोड असेल, तर वरच्या टोकाला दोर बांधून दोन माणसं खुंट हलवू शकतात.

पलूस, वाळवा, कराडच्या काळ्या रानात हे काम दिवाळीनंतर काढा. तेव्हा जमीन वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी, अशी असते. मे महिन्यात तिथली ढेकळं कुदळीला दाद देत नाहीत, आणि पावसाळ्यात माती खोऱ्याला चिकटून बसते. माण, खटाव, आटपाडीच्या मुरमाड रानात वळीव पडून गेल्यावर धरा. पाऊस नसेल तर आदल्या संध्याकाळी आळं करून पाणी सोडा.

कुदळ मारण्याआधी पाण्याची पाइपलाइन आणि मोटारीची केबल कुठून गेली आहे, ते घरातल्या थोरल्यांना विचारा. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याच्या कानावर घाला. आंबा, चिंच, जांभूळ, साग यांची गोष्ट वेगळी : 1964 चा वृक्षतोड कायदा खासगी रानालाही लागू आहे, त्यामुळे परवानगी तोडण्याआधीच घ्यावी लागते.

खुंटापासून दोन फूट सोडून गोल चर खणा, दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल. वरची काळी माती एका अंगाला, खालची दुसऱ्या अंगाला टाका. चर अरुंद ठेवला की कुऱ्हाड फिरत नाही आणि दुप्पट वेळ जातो. खोडाला ढोली असेल तर आधी लांब काठी घालून बघा. आत घोणस किंवा विंचू असू शकतो. पांढऱ्या, अर्धगोल हुमणीच्या अळ्या मातीत निघाल्या तर वेचून मारा, पुढच्या उसाचं तेवढं नुकसान टळेल.

आता मुळ्या. खरं काम इथेच आहे, घाई करू नका. मुळीवरची माती खराट्याने झाडून घ्या, कारण एका खड्याने कुऱ्हाडीची धार जाते. मग मुळीखालची माती कोरून तिथे लाकडाचा ठोकळा सरकवा. त्यामुळे घाव बसताना मुळी दबत नाही आणि पातं मातीत जात नाही. प्रत्येक मुळी वीतभर अंतराने दोन ठिकाणी तोडून मधला तुकडा बाहेर काढा. एकाच ठिकाणी तोडली तर खुंट हलवताना दोन्ही टोकं एकमेकांना अडतात, आणि मुळी तुटूनही खुंट जागचा हलत नाही.

सगळीकडून मुळ्या सुटल्या की दोर ओढा, सोडा, उलट बाजूने ओढा. माती जिथे फुगून तडकते तिथे अजून मुळी धरून आहे. खुंट डुलतो पण परत जागेवर येतो, म्हणजे सोटमूळ शाबूत आहे. एका बाजूने तीन फूट खोल जाऊन ते उघडं करा आणि तोडा. कलत्या खुंटाखाली हात घालण्याआधी ओंडक्याचा टेकू द्याच. चेन पुली (जड वस्तू ओढायची साखळीची कप्पी) लावायची तर आधाराच्या झाडाला पोती गुंडाळा, साल सोलवटत नाही. ट्रॅक्टरने हिसका मात्र देऊ नका. पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो.

मीठ किंवा ॲसिड ओतून खुंट मारायचा सल्ला ऐकू नका, त्या जागी पीक येत नाही. पेटवून देणंही वाईट : मुळ्या आतल्या आत कित्येक दिवस धुमसतात, आणि शेजारी उसाचं वाळलेलं पाचट पडलेलं असतं. सुबाभूळ किंवा वेडी बाभूळ असेल तर बुडख्याचा तुकडाही जमिनीत ठेवू नका, फुटवे येतात.

खड्डा भरताना आधी खालची माती टाका, अर्ध्या फुटाच्या थरांनी, प्रत्येक थर चोपून. वरची काळी माती शेवटी, आजूबाजूपेक्षा वीतभर उंच. दोनदा पाणी देऊन माती बसू द्या. खळगा पडला तर पुन्हा भरा, मगच तिथे नांगर घाला.